हर्णै : बोट येते, पण काठाला लागत नाही

हर्णैच्या बंदरात आलेली बोट काठाला लागत नाही. एवढं एक लक्षात घेतलं की या गावाचा इतिहास, तिथला मासळीचा लिलाव, पाण्यात उतरणाऱ्या बैलगाड्या आणि वादळाची बातमी आली की उडणारी धांदल, या सगळ्याचा उलगडा होऊ लागतो. हर्णैवर लिहिताना बहुतेक जण किल्ला आणि मासळी अशा दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. खरं तर दोन्हींच्या मुळाशी पाण्याची खोली आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीपासून हर्णै सुमारे १५ किलोमीटर. किनाऱ्यापासून जेमतेम पाव मैलावर, समुद्रातल्या खडकावर सुवर्णदुर्ग उभा आहे. त्याच्यासमोर जमिनीवर तीन छोटे किल्ले आहेत: बंदराकडे जाताना लागणारा गोवा किल्ला, पाण्यात घुसलेल्या टेकाडावरचा कनकदुर्ग आणि त्याला चिकटून फत्तेगड. एका बेटासाठी तीन उपदुर्ग का, हा प्रश्न पडायला हवा. उत्तर मधल्या पाण्याच्या पट्ट्यात आहे. बेटाच्या आडोशामुळे त्या पट्ट्यात लाट मोडते आणि तारू, म्हणजे जहाज, नांगरून ठेवता येतं. म्हणून इथे बंदर झालं. पण हा पट्टा दोन्ही बाजूंनी तोफेच्या टप्प्यात ठेवला नाही, तर शत्रूही तिथे येऊन निवांत उभा राहील. जमिनीवरचे किल्ले त्यासाठी. आणि काठाशी पाणी इतकं उथळ की ओहोटीला वाळूचा लांबच लांब पट्टा उघडा पडतो. मधे तारू उभं राहील इतकं पाणी आणि काठाशी नाही, ही हर्णैची घडण आहे.

सुवर्णदुर्ग मुळात विजापूरकरांचा. १६६० च्या सुमारास तो शिवाजी महाराजांकडे आला आणि त्याची मजबुती झाली. तटाचा काही भाग बांधलेला नाही, तो मूळ खडकच तासून काढलेला आहे आणि त्यावर मोठमोठे चिरे चढवलेले आहेत. महादरवाजा जमिनीच्या बाजूला तोंड करून आहे. बुरुजांच्या आड असल्यामुळे अगदी जवळ गेल्याशिवाय तो नीट दिसत नाही. उंबऱ्यापाशी पायरीवर कोरलेलं कासव आणि तटावर मारुती, या दोन खुणा विसरू नयेत. समुद्राच्या बाजूला चोरदरवाजा आहे. आत विहिरी, टाकी, जुन्या इमारतींची जोती आहेत आणि बाकी रान माजलेलं आहे.

कान्होजी आंग्र्यांचं नाव या किल्ल्याशी जोडलेलं आहे ते सतराव्या शतकाच्या अखेरीपासून. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या वेढ्यात किल्लेदार डगमगला तेव्हा तरुण कान्होजींनी किल्ला राखला, अशी हकिकत परंपरेने सांगितली जाते. पुढे ते सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, झाले. सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज या तिघांनाही त्यांनी जेरीस आणलं. १७२९ मध्ये ते गेले, मुलांमध्ये फूट पडली आणि अखेर कुलाबा मानाजींकडे, तर विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग तुळाजींकडे गेला. तुळाजींचं पेशव्यांशी बिनसलं. त्यातून जे झालं ते मराठी माणसाने पुन्हा पुन्हा वाचावं असं आहे.

मार्च १७५५ मध्ये पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात तह ठरला. इंग्रजांनी समुद्रातून मारा करायचा, मराठी फौजेने जमिनीवरून, आणि सुवर्णदुर्ग पेशव्यांना द्यायचा. इंग्रजांच्या वाट्याला पुढे बाणकोट आलं. कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव पेशव्यांच्या बाजूने होते. इंग्रजांचा कमोडोर विल्यम जेम्स ४४ तोफांचं ‘प्रोटेक्टर’ आणि सोबत तीन लहान जहाजं घेऊन आला. २ एप्रिलला त्याने समुद्राच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून, तोफा डागल्या. दिवसभर मारा करूनही तटाला भगदाड पडेना, कारण त्या बाजूला तट म्हणजे खडकच. रात्री किल्ल्यातून फुटून आलेल्या माणसाकडून त्याला कळलं की या बाजूने जन्मात काही होणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याने जहाजं आतल्या पट्ट्यात, बेट आणि जमीन यांच्या मधोमध आणली. तिथून सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्यावरचे किल्ले दोन्हींवर मारा करता येत होता. एका गोळ्याने किल्ल्यातल्या गवती छपराला आग लागली, ती दारूच्या कोठारापर्यंत गेली आणि कोठार उडालं. आतली माणसं होड्यांत बसून गोवा किल्ल्याकडे निघाली, त्यांतली बरीचशी वाटेतच पकडली गेली. गोवा किल्ल्याच्या किल्लेदाराने काही माणसांनिशी परत सुवर्णदुर्गात शिरून दाभोळहून कुमक येईपर्यंत तग धरायचं ठरवलं. तेव्हा जेम्सने खलाशी उतरवले आणि कुऱ्हाडींनी दरवाजा फोडला.

ज्या पट्ट्याच्या भरवशावर बंदर उभं होतं, त्याच पट्ट्यातून किल्ला पडला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गाला तुळाजींचं आरमार जळालं. कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकेल असं मराठी आरमार त्यानंतर उरलं नाही. तुळाजी कसेही वागले असोत, ही किंमत फार मोठी होती. त्याची एक खूण आजही लंडनच्या आग्नेयेला शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर आहे. जेम्स वारल्यावर त्याच्या विधवेने १७८४ मध्ये तिथे तीनकोनी मनोरा बांधला. त्याचं नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग, इंग्रजी जिभेवर वाकलेला. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी एकदा तरी तिथे जाऊन यावं.

१८०२ साली हडपसरच्या लढाईनंतर दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला, तो महाडवरून सुवर्णदुर्गाला आला आणि इथून समुद्रमार्गे वसईला गेला. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. इंग्रजी अंमल आल्यावर दापोलीला लष्करी छावणी पडली आणि हर्णै त्या छावणीचं बंदर बनलं.

आगबोटींच्या काळातही नियम तोच. मुंबईहून दक्षिणेला जाणाऱ्या आगबोटी हर्णैला थांबत, पण समुद्रात उभ्या राहूनच. उतारूंना आणायला पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, जात. ओहोटी असली तर पडावसुद्धा काठाला लागत नसे. मग गुडघाभर, कंबरभर पाण्यातून खलाशी माणसं उचलून नेत, त्यांच्यामागून ट्रंका, बोचकी आणि आंब्याच्या करंड्या जात. पावसाळ्यात आगबोटी बंद, त्यामुळे जूनपासून नारळी पौर्णिमेच्या पुढपर्यंत मुंबई जवळजवळ तुटलेली. शेजारच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, हे वाचताना त्या काळी या गावांना रस्ता नव्हता आणि समुद्रच काय तो रस्ता होता, हे ध्यानात ठेवायला हवं. नोकरीसाठी मुंबईत गेलेल्या दापोली तालुक्यातल्या कित्येक घरांचा पहिला प्रवास या वाळूवरून, कुणाच्या तरी खांद्यावरून सुरू झाला.

आता भरती-ओहोटी. हर्णैला जाणाऱ्याने घड्याळाआधी पंचांग पाहावं. कोकणपट्टीतला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला ५ गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अष्टमीला ६. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावास्येला १५ ची पाऊणपट, सव्वाअकरा. ही वेळ दिवसाची आणि रात्रीची, दोन्ही. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. या हिशेबात चूक शिरते ती कुठे तेही माहीत असावं. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं मागे पडतो आणि आपण ४५ धरतो. पंधरवड्याच्या सुरुवातीला फरक जाणवत नाही, शेवटी मात्र भरती हिशेबापेक्षा उशिरा येते. त्यामुळे पौर्णिमेला सव्वाअकराऐवजी पाऊण-एक तास पुढे धरलेलं बरं. शिवाय सर्वांत मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी नसतं, एक-दोन दिवसांनी, प्रतिपदा-द्वितीयेला असतं. तसाच भांगाचा, म्हणजे सर्वांत कमी चढउताराचा दिवस अष्टमीच्या पुढे, नवमी-दशमीला येतो.

याचा लिलावाशी संबंध असा. हर्णैचा लिलाव सकाळी लवकर आणि संध्याकाळी चार-साडेचारच्या पुढे, अशा दोन वेळा भरतो. उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी आणि मध्यरात्री, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. नेमकी लिलावाच्या वेळी! पाणी खूप लांब गेलेलं असतं, बोटी आणखी लांब उभ्या असतात आणि मधे ओल्या वाळूचं मैदान. याच दिवसांत बैलगाड्यांची धावपळ सर्वांत जास्त पाहायला मिळते. अष्टमीच्या आसपास उलट: लिलावाच्या वेळी भरती असते, छोट्या होड्या काठाजवळ येतात आणि काम पटकन उरकतं. ज्याला बैलगाड्या पाहायच्या आहेत त्याने अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे दोन-तीन दिवस धरावेत. ज्याला सुवर्णदुर्गावर जायचं आहे त्याने भरतीच्या जवळपासची वेळ धरावी, म्हणजे होडीत चढताना चिखलातून फरपट होत नाही. किल्ल्यावर पिण्याचं पाणी आणि सावली यांची सोय नाही. प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी, वाळूत आणि खडकावर चालतील अशा चपला आणि अंगावर लाइफ जॅकेट एवढं हवंच. होडीवाल्याशी परतीची वेळ आधी ठरवून घ्यावी. फेब्रुवारीनंतर दुपारी खारा वारा जोर धरतो आणि बेटाजवळ लाट उसळते, म्हणून सकाळीच जाऊन यावं. पावसाळ्यात जायचं नाही.

बैलगाडीच का, टेम्पो का नाही? ओल्या वाळूत टेम्पोचं चाक फिरलं की खाली रुतत जातं आणि जितका जोर लावावा तितकं खोल जातं. बैलगाडीचं चाक मोठं, गाडी उंच आणि ओढणारा पाय वाळूवर रोवला जातो, चाक जागच्या जागी फिरत नाही. गाडी बैलाच्या पोटापर्यंतच्या पाण्यात जाऊ शकते. जाताना डिझेलची पिंपं, बर्फ आणि पिण्याचं पाणी न्यायचं, येताना मासळी आणायची. खारं पाणी लोखंडाला सोडत नाही, त्यामुळे आस आणि धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) लवकर झिजतात. आणि बैलाला संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतलं नाही तर अंगावर मीठ वाळून कातडी फुटते. गोड्या पाण्याची टंचाई असलेल्या मार्च ते मेमध्ये हे सोपं नसतं.

बंदराची माणसं एका जातीची नाहीत. बंदरालगतच्या पाजपंढरीत दाटीवाटीने वसलेली कोळ्यांची वस्ती आहे आणि फत्तेगडावरही कोळ्यांचीच घरं आहेत. फत्तेगड पाहायला जाणाऱ्याला किल्ला शोधावा लागतो, कारण तटाच्या जागी अंगणं, वाळत घातलेली जाळी आणि घरं आहेत. दुर्गप्रेमी मंडळी यावर हळहळतात. त्यांची हळहळ समजते, पण ज्या लोकांनी ही आरमारं वल्हवली त्यांचीच लेकरं तिथे राहतात, ही गोष्ट मला मोडक्या बुरुजापेक्षा मोलाची वाटते. गावात कोकणी मुसलमानांचे मोहल्ले आहेत. त्यांच्यातले दालदी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आलेले, तर काही घरं व्यापारातली. भंडारी आणि खारवी हेही दर्यावर्दी समाज. आसपासच्या गावांतले कुणबी शेतीसोबत बंदरावरच्या कामाला येतात. आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ट्रॉलरांवर आता नेपाळी खलाशीही मोठ्या संख्येने दिसतात. ज्यांनी लहानपणी समुद्र पाहिला नव्हता ते आज जाळी ओढतात, कारण इथल्या तरुणांना मुंबई-पुण्याची नोकरी जास्त भरवशाची वाटते.

बोटीवर हुकूम तांडेलाचा. पाण्याचा रंग, पक्ष्यांची घिरटी, तिथी आणि आता जीपीएस व मासे शोधणारं यंत्र, सगळं पाहून जाळं कुठे टाकायचं ते तो ठरवतो. फेरी संपल्यावर विक्रीतून डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा होतो, उरलेल्याचे मालक आणि खलाशी यांच्यात वाटे पडतात आणि तांडेलाला खलाशापेक्षा मोठा वाटा मिळतो. मोठ्या बोटींवर आता बांधील पगारही चालतो. इथे एक गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही. अनेक बोटमालक हंगामाच्या सुरुवातीला डिझेल, बर्फ आणि जाळ्यांसाठी दलालाकडून उचल घेतात. ज्याची उचल, त्याच्याच हातून माल विकायचा. त्यामुळे लिलाव खुला असला तरी बोट मोकळी नसते. मासळी भरपूर आली आणि भाव पडला तर उचल फिटत नाही, ती पुढच्या हंगामात जाते.

लिलाव असा चालतो. मोठ्या बोटी नांगरून उभ्या राहतात. छोट्या होडीतून, मग गाडीतून किंवा डोक्यावरून मासळी वाळूवर येते. तिथे प्रतवारी होते: पापलेट, सुरमई, हलवा आकारानुसार वेगळे, कोळंबी वेगळी, बांगडा, तारली, राणी मासा, म्हाकूल, मुशी यांचे ढीग किंवा टोपल्या. मोठा घोळ किंवा सुरमई नगावर जाते. स्वस्त मासळी टोपलीवर, महाग कोळंबी वजनावर. बोली झपाट्याने चढते. आवाज, मानेची हालचाल आणि बोटं यांवर ती चालते आणि नवख्याला शेवटचा आकडा कुणाचा हेच कळत नाही. खरेदीदारांत निर्यातीच्या कारखान्यांना माल पुरवणारे, मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोवा इथले व्यापारी आणि गावोगाव मासळी नेणाऱ्या बायका असतात. बाजाराचा कणा त्या बायका आहेत. नवरा मासळी आणतो, पण तिचे पैसे करणं आणि त्या पैशात घर चालवणं हे त्यांच्या हातात. घरासाठी दोन-चार किलो हवे असतील तर बोलीत पडू नये. लिलावाच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या बायकांकडून घ्यावं. भाव थोडा जास्त पडतो, पण मासळी निवडता येते आणि साफही करून मिळते.

निवडताना काय पाहायचं? डोळा फुगीर आणि पारदर्शक हवा, आत गेलेला किंवा दुधाळ नको. कल्ला लाल हवा. तपकिरी झाला की मासा जुना. रंग लावण्याचा संशय आला तर कल्ल्यावर बोट फिरवून पाहावं. पापलेटच्या कल्ल्याजवळ दाबलं तर पांढरट चीक यावा, लालसर पाणी आलं तर ठेवून द्यावं. बोटाने दाबल्यावर मांस वर यायला हवं. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट असावं, सैल होऊन काळं पडलेलं नको. म्हाकूल ताजी असते तेव्हा पांढरी आणि ठिपक्यांची दिसते, शिळी गुलाबी होते. बांगड्याच्या बाबतीत सर्वांत सांभाळायचं: उन्हात तासन्‌तास बर्फाविना पडलेल्या बांगड्यात आणि कुप्यात (ट्यूना) हिस्टामिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. ते शिजवून किंवा तळून जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. पुष्कळ लोक याला माशाची अॅलर्जी समजतात. बहुतेकदा दोष माशाचा नसतो, बर्फाचा असतो.

म्हणून बर्फ. आपल्या हवेत एक किलो मासळीला एक किलो बर्फ लागतो. एप्रिल-मे मध्ये लांबच्या प्रवासाला दीडपट घ्यावा. बर्फ बारीक फोडलेला हवा. मोठे खडे माशाला चेपतात आणि मधे हवा राहते, त्यामुळे गारवा सगळीकडे पोचत नाही. पेटीच्या तळाला बर्फाचा चार बोटं जाड थर, त्यावर मासळी पोट खाली करून, मग पुन्हा बर्फ, असे थर लावायचे आणि वर जाड थर द्यायचा. पोट खाली ठेवायचं कारण साफ केलेल्या माशाच्या पोटात वितळलेलं पाणी साचलं की तिथूनच तो नासायला लागतो. पेटीला खाली भोक असावं. थर्माकोलच्या पेटीचं भोक बंद करून प्रवास केला तर पुण्याला पोचेपर्यंत खालचा थर रक्ताळलेल्या पाण्यात बुडालेला असतो. आणि बंदराच्या काठच्या पाण्याने मासळी धुऊ नये. दिवसभराची घाण त्याच पाण्यात जाते.

विकला न गेलेला किंवा बारीक माल सुकवणीला जातो. जवळा कडक उन्हात एका दिवसात वाळतो. मांदेलीला दीड-दोन दिवस. बांगडा चिरून, पोट काढून, धुऊन, तीन-चार भाग मासळीला एक भाग जाडं मीठ लावून रात्रभर मुरवायचा आणि मग उन्हात टाकायचा. चुका दोनच, पण माल वाया घालवणाऱ्या. एक, थेट वाळूवर पसरणं: रेती कायमची चिकटते आणि भाव पडतो, त्यासाठी जाळीचं मचाण करावं. दुसरी, रात्री उघडं ठेवणं: दव पडतं, आतला ओलावा राहतो आणि आठवड्यात बुरशी येते. ऑक्टोबरच्या अवेळी पावसाने वाळवणाचं सर्वांत मोठं नुकसान होतं.

दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. मासे अंडी घालतात तो हा काळ आणि समुद्रही खवळलेला. या दोन महिन्यांत इंजिन उघडलं जातं, जाळी शिवली जातात, लाकडी बोटी ओढून ताडपत्री-झावळ्यांनी शाकारल्या जातात. लाकूड पोखरणारा समुद्रकिडा बोटीचा खरा शत्रू. बोट सतत पाण्यात राहिली तर वरून धड दिसणारी फळी आतून जाळीसारखी होते. फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ ठासून रंग देण्याचं काम म्हणूनच चुकवून चालत नाही. आता बऱ्याच बोटींवर फायबरचं आवरण असतं, पण आवरणाखाली पाणी शिरलं तर लाकूड आतल्या आत कुजतं आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण होतो तो शांत झालेल्या दर्याला. अलीकडे बंदी त्याआधीच उठते आणि पहिल्या आठवड्यातच कोळंबीसाठी खवळलेल्या पाण्यात बोटी जातात. जुने तांडेल याला राजी नसतात आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

पारंपरिक मच्छीमारांची मोठी तक्रार पर्ससीन (थव्याभोवती टाकून खालून आवळायचं मोठं जाळं) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीबद्दल आहे. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर हंगाम आणि क्षेत्राची बंधनं घातली, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांवर बंदी घातली. दिव्याखाली सगळा थवा गोळा होतो, लहान पिल्लांसकट. छोट्या बोटींच्या वाट्याला मग फार थोडं उरतं. नियम आहेत, गस्त अपुरी आहे.

वादळाची सूचना आली की हर्णैचं दुबळेपण उघडं पडतं. बेटाचा आडोसा रोजच्या लाटेपुरता आहे, वादळापुरता नाही. बोटी मग शेजारच्या आंजर्ले खाडीत शिरतात, काही दाभोळ किंवा जयगडपर्यंत जातात. आंजर्ल्याच्या मुखाशी वाळूचा बार, म्हणजे पाण्याखालचा उंचवटा, आहे. भरलेली बोट भरतीलाच आत जाऊ शकते. ओहोटीला प्रयत्न केला तर बूड वाळूला टेकतं, मागून लाट येते आणि बोट आडवी होते. अशा बोटी फुटलेल्या आहेत. त्यामुळे वादळ चार तासांवर असलं आणि भरती सहा तासांवर असली तर तांडेलाला दोन्ही वाटा धोक्याच्याच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हर्णै, मुरूड, आंजर्ले, कर्दे इथल्या नारळ-सुपारीच्या बागा झोपल्या. सुपारीचं नवं झाड फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं.

बोट काठाला लागावी म्हणून धक्क्याची मागणी कित्येक दशकांची आहे आणि अलीकडच्या वर्षांत त्याला सरकारी मंजुरी मिळाली. धक्का हवाच, यात दुमत नाही. पण दोन गोष्टी बारकाईने पाहायला हव्यात. पहिली वाळू. लाटा तोडणारी भिंत घातली की वाहत्या वाळूची वाट बदलते. एका बाजूला ती साचते, दुसऱ्या बाजूचा किनारा खचतो. धक्क्यापाशीच गाळ साचू लागला तर दर वर्षी उपसावा लागेल आणि त्याचा खर्च कुणी करायचा हे आधी ठरलेलं असावं, कारण आंजर्ल्याच्या बारचा अनुभव समोर आहे. दुसरी जागा. आज वाळू सगळ्यांची आहे. टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला भाडं नाही, परवाना नाही, जिथे मोकळं दिसेल तिथे ती बसते. धक्क्यावर लिलावगृह होईल, फाटक असेल, गाळे असतील. त्या आराखड्यात किरकोळ विक्रीच्या ओट्यांना छप्पर, गोड्या पाण्याचे नळ, सांडपाण्याचा निचरा, बायकांसाठी स्वच्छतागृहं आणि सुकवणीची मचाणं किती चौरस मीटरांत बसवली आहेत, हे पाजपंढरीच्या बायकांनी नकाशा समोर ठेवून विचारावं. बैलगाडीवाल्यांनीही विचारावं, कारण ज्या दिवशी बोट काठाला लागेल त्या दिवशी सर्वांत आधी त्यांचं काम जाईल.